आडव्या शब्दांचे काकाजी

दसाराम काकाजींना ताजी बातमी चालत नसे.

आमगावच्या पानठेल्यावर कुणी "काकाजी, ऐकलं काय, आत्ताच..." असं सुरू केलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "उद्या सांग. आज ते कच्ची हाये." त्यांचा सिद्धांत असा, की बातमी ही बासीसारखी असते. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवावा आणि सकाळी मीठकांद्यासंगं खावा, तेव्हा कुठे तो अंगी लागतो. बातमीही रातभर मुरली की तिच्यातलं खरं खाली बसतं आणि खोटं वर तरंगतं, मग वरचं पाणी ओतून द्यायचं. गावात कुणी निवडून आला तरी काकाजी त्याचं अभिनंदन दुसऱ्या दिवशी करत.

अशा माणसावर देवाने इंटरनेट सोडलं, आणि तेही माझ्या दुकानातून.

माझं दुकान स्टेशन रोडला. झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, नोकरीचे फॉर्म, आणि आत प्लायवूडच्या तीन खोप्यांत इंटरनेट. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी मी शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात त्याखालून वाकून काकाजी आत आले. वय सत्तरीचं, डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याला मागून दोरा. टेबलावर एक घडी केलेला पेपर ठेवला आणि म्हणाले, "दिनेश, आमचा पेपर तुह्या इथं राहायले आला म्हनते."

त्या पेपरचं नाव मी सांगत नाही. लहानसा, जुना पेपर होता. शेवटच्या अंकात त्यांनी चौकटीत छापलं होतं, की उद्यापासून आम्ही छापणार नाही, इंटरनेटवर भेटू. काकाजींनी ते अक्षरशः घेतलं होतं आणि भेटायला आले होते.

मी त्यांना खोप्यात बसवलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी साइट उघडून दिली. बराच वेळ ते पडद्याकडे बघत राहिले.

"पयलं पान कोनतं?"

"काकाजी, हे सगळं पहिलंच पान आहे."

"मंग शेवटचं?"

मी माऊसचं चाक फिरवत खाली जाऊ लागलो. क्रिकेट, मग एक खून, मग भरल्या वांग्यांची कृती, मग पुन्हा खून. काकाजी म्हणाले, थांबू नको. पंधरा मिनिटं मी चाक फिरवलं. वांगी दोनदा आली, पण शेवटचं पान आलं नाही.

"याचा तर कुठं हाये?" तर म्हणजे तळ. झाडीपट्टीतला ळ असा र होऊन बाहेर पडतो.

"याला तळ नसतो, काकाजी."

त्यांनी चष्मा काढला. "धानाच्या बांधीले बांध नाही त पानी थांबत नाही गा. अन् पेपरले तर नाही त मानूस उठंल कवा?"

तेव्हा मी हसलो होतो. आता रोज मोबाईल हातात घेऊन मीच उठत नाही, आणि बायको बांध घालायला येते.

मी त्यांना म्हटलं, स्टँडवर छापील पेपर दोन-तीन मिळतात, त्यातला एखादा लावा. ते असे बघायला लागले, जणू मी काही अभद्र बोललो. "बायको माहेरी गेली म्हनून कोनी दुसरी करते काय?" मग भिंतीवर लावलेल्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "तू हे छापते ना? मंग पेपर बी छाप. त्यात का, गनपती काढला अन् बातमी टाकली."

इथे माझे ग्रह फिरले. मी हो म्हणालो.

पहिला अंक मी साध्या दोन कागदांवर काढला. काकाजींनी तो हातात घेऊन हलवला आणि परत दिला. "हे त परीक्षेचा पेपर वाटून राहिला." मग मोठा कागद आणला. चार पानं, मधोमध घडी, प्रत्येक पानाला पाच रकाने. रुंद ओळ त्यांना वाचवत नसे. इकडून तिकडे मान हलवायला मी काय कबड्डीची मॅच पाहून राहिलो, असं ते विचारत. बातमी आदल्या दिवशीचीच घ्यायची. आणि पहिल्या पानावरची बातमी तुटलीच पाहिजे, खाली 'पान तीनवर' आलंच पाहिजे.

"काकाजी, इथं जागा आहे, अख्खी बसते."

"बसते म्हनून काय झालं? बातमी तोडली नाही त मानूस पान उलटवंल कायले?"

त्यामुळे सालेकशाच्या बाजारात उधळलेल्या बैलाची चार ओळींची बातमी मी मधोमध तोडली. बैलाची शिंगं पहिल्या पानावर आणि शेपूट तिसऱ्या पानावर गेलं. काकाजींनी पान उलटवलं, शेपूट सापडलं आणि समाधानाने मान हलवली.

जाहिराती नव्हत्या म्हणून त्यांना पान उघडं वाटे. मी एका बोअरवेलवाल्याची आणि माझ्या दुकानाची जाहिरात टाकली. दुकानात बसून ते दुकानाचीच जाहिरात मन लावून वाचत, आणि मला सांगत, "इथं लॅमिनेशन बी होते म्हनते." साइटवर बातमीखाली लोकांनी लिहिलेले शेरे मी एकदा गंमत म्हणून दाखवले. त्यांनी तीन शेरे वाचले.

"हे कोन लोक होत?"

"वाचक."

"मंग पेपरात काऊन घुसले? पानठेले बंद पडले काय?"

सगळ्यात मोठी अडचण बोटाची झाली. आठवड्याने त्यांनी अंक चोळून पाहिला, अंगठा उजेडात धरला आणि खिन्न झाले. "बोट कारं नाही झालं गा. मंग मी पेपर वाचला, हे घरच्याइले समजंल कसं?" माझ्याकडे एक म्हातारं झेरॉक्स मशीन होतं. त्याची पावडर कागदावर पक्की बसत नसे, सगळं पुसलं जाई. दोन मेकॅनिकांनी हात टेकले होते आणि गिऱ्हाइकांनी मला शिव्या घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी काकाजींचा अंक त्या मशीनवर काढला. पाच मिनिटांत त्यांचं बोट काळं, मग अंगठा, मग नाक. असा खुललेला चेहरा मी नवरदेवाचाही पाहिला नाही. भंगारात निघालेल्या त्या मशीनला पुढे दोन वर्षं आयुष्य मिळालं.

शेवटची अट तर अजबच होती. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने 'सीतारामजी' असं लिहायचं. पेपर वाटणारे गिऱ्हाइकाचं नाव लिहितात तसं. सीतारामजी म्हणजे काकाजींचे वडील, जाऊन बारा वर्षं झालेले. मी काही विचारलं नाही. काकाजींना एक प्रश्न विचारला की दोन अटी वाढत, एवढं मला कळलं होतं.

आणि मग एक दिवस ते म्हणाले, "याच्यात कोडं नाही."

साइटवर शब्दकोडं नव्हतंच. मी तसं सांगितलं.

"मंग तू बनव."

"काकाजी, मी आयुष्यात 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' याच्यापुढे काही लिहिलं नाही."

"कोडं नाही त पेपर नाही," ते म्हणाले, आणि बसले. दुपारपर्यंत बसून राहिले. शेवटी मी चौकोन आखायला घेतले.

माझी कोडी भयंकर होती. आडव्यातला 'पा' उभ्यात जुळला की मी खूश व्हायचो, पण त्याच्या शेजारचा 'ऊ' कुणाच्याच बापाचा नसायचा. काकाजी चुका काढत, पण सोडवत. त्यातही एक खोड होती. ते फक्त आडवे शब्द भरत. उभ्यांना हात लावत नसत. एकदा उभा शब्द पुरता उघडा पडला होता, चारपैकी तीन अक्षरं आडव्यांतून आलेली. मी म्हटलं, "काकाजी, हा तर कडबोळं आहे, भरून टाका."

त्यांनी माझा हात बाजूला केला. "उभे माह्याकडं नाहीत."

हे मी घरी सुनीताला सांगितलं. सुनीता माझी बायको, आणि माहेर काकाजींच्याच मोहल्ल्यातलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. "तुम्हाले खरंच माहीत नाही? उभे मनीराम काकाजीचे होत."

मनीराम म्हणजे काकाजींचे धाकटे भाऊ. ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, निवृत्त झाले. वडील गेले तेव्हा पेपरात दुःखाची जाहिरात दिली होती, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या घरच्यांची नावं. यादी काकाजींनी केली होती. लेकी, जावई, पुतणे, नातवंडं, सगळे होते. मनीराम नव्हते. तेराव्याला मनीरामनी तो पेपर चार लोकांत काकाजींच्या अंगावर फेकला. महिनाभरात वाटणी झाली. शेत अर्धं, घर अर्धं, विहिरीची पाळी अर्धी, अंगणात मधोमध भिंत. कांडायचं मुसळ एकाकडे आणि उखळ दुसऱ्याकडे गेलं, ते दोन्हीकडे बेकार पडून राहिलं. फक्त पेपर वाटला नाही, कारण तो सीतारामजींच्या नावाने यायचा. सकाळी तो काकाजींकडे. अकरा वाजता काकाजी तो भिंतीवर ठेवत, वर एक दगड. चार वाजता मनीराम परत ठेवत. आडवे शब्द मोठ्याने भरायचे, उभे धाकट्याने. दोघे लहान होते तेव्हापासूनची ही रीत, आणि सीतारामजींनीच लावलेली, कारण नाहीतर कोड्यापायी मारामारी व्हायची.

"बारा वर्षं झाले," सुनीता म्हणाली, "एक शब्द नाही बोलले. पन कोडं कवा अर्धं राह्यलं नाही."

मग मला सगळं समजलं, दुसरा पेपर का नको तेही. दुसरा लावला असता तर तो दोघांपैकी एकाच्या नावाने आला असता, आणि मग तो भिंतीवर ठेवायचा म्हणजे भिकेसारखा झाला असता. मी या म्हाताऱ्याला महिनाभर चक्रम समजत होतो, याची मला लाज वाटली. चक्रम तो होताच, ते सोडा.

पुढचं वर्ष बरं गेलं. मग धान कापणीच्या सुमारास एक दिवस काकाजी रागारागाने आले. "तुहे कोडे लय अवघड होऊन राहिले. उभे सोपे टाक."

मी सोपे टाकले. दुसऱ्या दिवशी अंक दाखवला, उभी घरं कोरी. मी आणखी सोपे टाकले. 'गायीचं दूध देणारा प्राणी' इथपर्यंत उतरलो. घरं कोरीच. चार दिवस पेपर भिंतीवरून जसा गेला तसा परत आला. काकाजी माझ्यावर ओरडत, माझ्या सात पिढ्यांचं शिक्षण काढत, आणि त्यांचा हात मात्र कोऱ्या घरांवरून फिरत राही.

सुनीताच बातमी घेऊन आली. मनीराम काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सून हात धरून अंगणात आणते. ऑपरेशन थंडी सरल्यावर.

मी ते काकाजींना सांगितलं. ही बातमी त्यांनी दुसऱ्या दिवसावर ढकलली नाही. लगेच म्हणाले, "अक्षर मोठं कर."

मी मोठं केलं. पानावर दहाऐवजी सहा बातम्या बसल्या. आणखी मोठं कर. तीन बसल्या. शेवटी पहिल्या पानावर एकच बातमी, तीही तुटलेली, आणि कोडं तर लग्नाच्या मांडवाएवढं पानभर. बोअरवेलवाल्याला वाटलं त्याची जाहिरात मोठी केली, तो मिठाई घेऊन आला. घरं कोरीच राहिली.

"काकाजी," मी म्हटलं, "आता याच्यापेक्षा मोठं अक्षर भिंतीवरच रंगवावं लागेल. तुम्हीच वाचून दाखवा ना त्यांना."

 दुकानात कुणी नव्हतं. टेबलावरच्या काळ्या डागाकडे बघत ते बोलायला लागले.

"मी यादी लिवत होतो. सगऱ्याइचे नाव आठवून आठवून लिवले. सोतःचं लिवलंच नाही. आपलं नाव आपुन मोजते काय? पेपरचा एजंट म्हने, काकाजी, मोठ्या पोराचं नाव लागते. त्यानं माहं टाकलं." त्यांनी तो डाग बोटाने घासला. "मन्याले मी कवा वेगरा धरलाच नाही गा. मी झालो त तो झालाच. मंग त्याचं नाव आठवंल कसं?"

 "अहो, मग हे त्यांना सांगितलं का नाही?"

"त्यानं पेपर फेकला!" काकाजी एकदम उसळले. "पेपर! ते काय फेकाची वस्तू हाये?"

आणि छत्री घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. आली तेव्हा अकरा वाजायला आले होते. मी घाईघाईने अंक काढला. काकाजी आले नव्हते, म्हणून सायकल काढून स्वतःच त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात भिंतीजवळ स्टुलावर बसले होते. माझ्या हातून त्यांनी पेपर घेतला, पहिलं पान पाहिलंही नाही, सरळ शेवटचं, कोड्याचं उघडलं. आणि उभे राहिले.

भिंतीपलीकडे खाट करकरली. कुणीतरी खाकरलं.

काकाजींनी टोपी सारखी केली. मग भिंतीकडे तोंड करून, शाळेत धडा वाचावा तशा मोठ्या आवाजात वाचलं, "उभे शब्द. क्रमांक एक. एक पक्षी. तीन अक्षरी."

पलीकडे काही नाही.  काकाजींनी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. शेजारच्या घरातली बाई सूप हातात घेऊन दारात आली. मी तिला हाताने गप्प राहायला सांगितलं.

"असे त पन्नास पक्षी हायेत," भिंतीपलीकडून आवाज आला. "मधलं अक्षर काय आलं?"

काकाजींचं तोंड उघडं राहिलं. मग कसंबसं म्हणाले, "आडवे म्या अजून भरले नाही."

"मंग भर ना! आडव्याबिगर उभं निंगंल कसं?"

काकाजी घाईने खिसे चाचपायला लागले. पेन सापडेना. मी माझं दिलं. ते भिंतीवरच कागद ठेवून भरायला लागले, मध्येच बाहीने डोळे पुसत होते आणि नाक काळं करून घेत होते. "प आला," ते ओरडले.

"पोपट. लिव. पुढं बोल."

पुढे, पुढे असं करत सहा शब्द झाले. सातव्याला काकाजी वाचू लागले, "सालेकशाकडच्या गुहा. चार अक्षरी."

"कचारगड," पलीकडून लगेच उत्तर आलं.  मग पुन्हा आवाज, आता खाटेवरून उठून भिंतीजवळ आलेला. "चार कसे? क, चा, र, ग, ड. पाच होतेत. किती घरं देल्ले?"

काकाजींनी मोजली. "चारच हायेत."

"मंग ड कुठं ठेवाचा? भितीवर?"

"तेच त."

"हे कोडं कोन बनवते गा, दादा?"

दादा. भिंतीवर टेकलेला काकाजींचा हात तिथेच राहिला. 

"हा आपला दिनेश," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "झेरॉक्सवाला."

"गधा हाये."

"हाव," काकाजी म्हणाले. "निरा गधा हाये."

तेरा वर्षांत त्या दोन भावांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मी सायकल हातात धरून तिथेच उभा राहून रडलो, आणि मला कुणी गाढव म्हटल्याचा इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही. मी फाटकाबाहेर आलो तेव्हा आत दोघे माझ्याबद्दलच बोलत होते, आणि बरंच वाईट बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी कोडी नीट तपासून काढायला लागलो. सगळी घरं मोजायचो, सगळी अक्षरं जुळवायचो. आणि सगळं बरोबर झालं की त्यात मुद्दाम एक चूक टाकायचो.